माझा पाय आणि विनूची मुंज

सध्या जे कुणी अंथरुणाला खिळून आढ्याकडे बघत पडले असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही तशी पडले होते. तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एक तर उपदेश करायचा, नाही तर उसासे टाकायचा. हसवायला म्हणून कुणी येत नसे. ते काम आता मीच करायचं ठरवलं आहे. मी जिवंत आहे हे तर तुम्हाला दिसतंच आहे. पायाचं काय झालं ते पुढे सांगते.

आमचा विनू

कल्याणात शेणाळे तळ्याच्या बाजूला आमचं बिऱ्हाड होतं. हे रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून. घरात आम्ही दोघं आणि ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. वन्सं लहानपणीच विधवा झालेल्या. तांबडं अलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि जीभ अशी की दूधसुद्धा त्यांच्यासमोर उतू जायला भ्यायचं. आम्ही दोघी एका घरात होतो, पण एकमेकींच्या गळ्यात गळा कधी नव्हता.

आमचा पहिला मुलगा बारशाच्या आधीच गेला. विनायक नाव ठेवायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. पुढे मूल झालं नाही. मुलगा गेला त्याच पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीच्या फटीत पिंपळाचं एक रोप उगवलं. भिंतीतला पिंपळ घर फोडतो, म्हणून तो उपटावाच लागतो. ह्यांनी तो उपटला, हातात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि मग टाकून न देता तळ्याच्या काठी, आमच्या मागच्या दारातून दिसेल अशा जागी लावला. असेच काही महिने गेले. एका दुपारी वन्संनी स्वयंपाकघरातून मला हाक मारली, "अगं जानकी, विनूला पाणी घातलंस का?" मी माजघरात जाऊन पोटभर रडले, आणि मग कळशी उचलून तळ्यावर गेले.

तेव्हापासून तो विनूच. विनू वाढला, विनूला नवी पानं आली, विनूच्या अंगाला कुणी गाढव बांधलं म्हणून भांडण झालं. आळीतली माणसं सुद्धा तसंच म्हणायची. परक्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ह्या घरात एक व्रात्य पोरगा आहे.

ज्यांना मुलगा नाही ते पिंपळ लावतात, आठव्या वर्षी त्याची मुंज करतात आणि पुढे तुळशीशी लग्न लावतात, ही आपल्याकडची जुनीच चाल. विनूला आठवं लागलं तेव्हा ह्यांनी भटजींना बोलावलं. वैशाखातला मुहूर्त निघाला. मुंजीत मातृभोजन असतं: मुलगा शेवटचा आईच्या ताटात जेवतो आणि मग तो ब्रह्मचारी, गुरूच्या घरचा. भटजी म्हणाले, "झाडाच्या मुंजीत ते गाळतात." मी दाराआडून सांगितलं, गाळायचं नाही. मुलाला आपल्या ताटातलं भरवायची माझी फक्त तेवढीच संधी होती, आणि ती मी कुणासाठीही सोडणार नव्हते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भटजींना म्हणाले, "ते ठेवायचंच."

पाहुणे

फाल्गुन लागला आणि माझ्या घोट्याला खाज सुटली. मग फोड आला. एके सकाळी न्हाणीत पाय धुताना तो फुटला आणि त्यातून पांढरा दोरा लोंबायला लागला. लुगड्याचा सुटा धागा जखमेला चिकटला असेल असं समजून मी तो ओढायला गेले.

"ओढू नकोस!" वन्सं दारातून ओरडल्या. "दोरा नव्हे तो. नारू आहे!"

ज्यांनी नारू पाहिलेला नाही ते भाग्यवान. कातडीखाली हातभर लांब किडा असतो आणि तो आपल्या सवडीने बाहेर येतो. त्याला ओढून चालत नाही. एका बारीक काडीला त्याचं टोक गुंडाळायचं, रोज थोडा पीळ द्यायचा, आणि वाट पाहायची. मधेच तुटला तर आतल्या आत त्याचं विष होतं. अशी माणसं जन्माची लंगडी झालेली मी माहेरी पाहिली होती, आणि एक तर त्यातच गेलेला ऐकला होता.

वन्संनी लगेच घरात कायदा केला. त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव ऐकलं की तो बिथरतो. त्याला पाहुणे म्हणायचं. मग काय, रोज सकाळी माझा पाय मांडीवर घेऊन वन्सं काडीला पीळ द्यायच्या आणि ह्यांना वर्दी द्यायच्या, "पाहुणे आज बोटभर सरकले." एक दिवस खरेच पाहुणे आले, ह्यांचे चुलत मामा. ते ओटीवर टेकतात न टेकतात तोच वन्संचा आवाज त्यांच्या कानावर गेला, "मेले जातील कधी एकदाचे!" मामा पाणीही न पिता परत निघाले होते. त्यांना समजावून आत आणता आणता ह्यांची पुरेवाट झाली.

मला हलायची बंदी होती. मागच्या दाराशी माझी वळकटी टाकलेली, पाय उशीवर, समोर विनू. वन्सं माझं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं सगळं करीत होत्या आणि करताना एकसारखं पुटपुटत होत्या. प्रेमाचा शब्द नव्हता, पण काडीवरचा त्यांचा हात इतका हलका असायचा की मला कळायचंसुद्धा नाही.

फांदी

होळी जवळ आली होती. वन्सं सोवळ्यात स्वयंपाकाला लागल्या होत्या आणि हे ऑफिसात गेले होते. मी पडल्या पडल्या तळ्याकडे बघत होते. एक बकरीवाला बकऱ्या घेऊन काठाने आला. त्याच्या हातात लांब काठीला बांधलेला कोयता होता. बकऱ्यांना पिंपळाचा पाला फार आवडतो. त्याने वर पाहिलं आणि विनूच्या खालच्या फांदीला कोयता लावला.

मी ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही. त्याने हिसका दिला, फांदी कडकडली आणि अर्धी तुटून खाली लोंबली. त्यानंतर मी काय केलं ते मला ह्यांनी नंतर सांगितलं, आणि ह्यांना आळीतल्या लोकांनी. म्हणे मी उठले आणि "मेल्या, माझ्या पोराचा हात तोडतोस!" म्हणत धावले. लुगड्याचा काष्टा सुटलेला, केस मोकळे. बकरीवाल्याला वाटलं पिंपळावरचं भूतच आलं. तो बकऱ्या टाकून पळाला. बकऱ्यांना तसं काही वाटलं नसावं, कारण त्या पाला खात राहिल्या.

विनूच्या बुंध्याला टेकून मी खाली बसले तेव्हा घोट्याकडे लक्ष गेलं. काडी दारातच पडली होती. दोरा तुटला होता.

वन्सं धावत आल्या. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या फांदीकडे. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्या फक्त म्हणाल्या, "चल घरात." त्यांचा आवाज इतका मऊ कधी ऐकला नव्हता. त्यानेच मी घाबरले.

ठाण्याला

दुसऱ्या दिवशी ताप भरला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि काळानिळा पडला. वैद्यांचे लेप झाले, धुरी झाली, दृष्ट काढून झाली. ह्यांनी मग एका संध्याकाळी सांगितलं, "उद्या हिला ठाण्याच्या सरकारी इस्पितळात नेणार."

घरात मोठा गदारोळ झाला. वन्सं म्हणाल्या, "अरे बापू, तिथं कुणाच्या हातचं पाणी प्यायचं? परपुरुष पायाला हात लावणार? आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही."

"आक्का, आपल्या घराण्यात बायका मेल्या आहेत, तेवढं पुष्कळ झालं," हे म्हणाले. हे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही, पण वन्सं उठल्या आणि रात्रभर माझ्यासाठी दशम्या करीत राहिल्या.

बैलगाडीतून स्टेशनावर, तिथून आगगाडीने ठाण्याला. कळव्याची खाडी लागली तेव्हा मिठागरांवरचा वारा तोंडावर आला आणि मला वाटलं, हे सगळं मी परत बघणार आहे का? तोंडाने रामरक्षा म्हणत होते, पण मधल्या ओळी आठवेनात.

डॉक्टर पारशी होते. पांढरी मिशी, डोक्यावर चकचकीत काळी पगडी, बोलणं मोडक्या मराठीत पण मायेचं. त्यांनी पाय दाबून पाहिला आणि मी किंचाळले. मग ह्यांना बाजूला घेऊन ते बोलले. बाजूला म्हणजे माझ्या खाटेपासून चार हातांवर. आजारी माणसाला ऐकू येत नाही असं सगळ्या डॉक्टरांना का वाटतं कोण जाणे.

"आत पू झाला हाय. उद्या मी चिरा देते. पण विष जर वर चढला तर पाय कापावा लागेल. नाय तर बाई जाईल."

हे माझ्याजवळ येऊन बसले आणि काहीच न ऐकल्यासारखं माझ्या उशीची शिवण नीट करायला लागले. मी विचारलं, "पाय गेला तर मातृभोजनाला पाटावर कशी बसेन?" आज हसू येतं, पण तेव्हा मला तेवढीच एक भीती होती. मी मेले तर आईच्या जागी कोण? चुलती नाही, मावशी नाही. वन्सं होत्या, पण त्या विधवा. मंगलकार्यात त्यांनी ओटीवर सुद्धा यायचं नाही. माझा विनू उपाशीच मुंजा होणार होता.

ह्यांनी शिवण सोडली आणि माझा हात धरला. इस्पितळात, चारचौघांदेखत. मी इतकी लाजले की क्षणभर पाय दुखायचा थांबला.

डॉक्टरांच्या चौकशा

त्याच दिवशी संध्याकाळी हे कल्याणला परतले आणि तापाच्या भरात मी बडबडायला लागले. विनूला ऊन लागेल, विनूचा हात मोडलाय, त्याला कुणी बघा. डॉक्टर फेरीला आले होते ते माझ्याजवळ थांबले.

"पोरगा किती वरसाचा हाय तुजा?"

"आठवं लागलंय," मी म्हटलं. "वैशाखात मुंज आहे."

"घरी कोन बघते त्याला?"

"वन्सं बघतात. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात."

"दोन टाइम! वा. साळेत जाते?"

"छे हो, तो कुठला जातोय? जागचा हलत नाही."

डॉक्टर जरा वाकले. "चालत नाय?"

"नाही."

"कदी पन नाय चालला?"

"जन्मल्यापासून एकाच जागी आहे तो."

"आनि बोलते तरी?"

"वारा असला की बोलतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि कंपाउंडरला ताप पुन्हा बघायला सांगितलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बाई, तू आता झोप. ज्या घरात पोरगा चालत नाय, त्या घरात आईचा पाय मी असातसा कापनार नाय. मी लढते तुझ्यासाठी."

मला वाटलं, केवढा थोर माणूस! कल्याणच्या एका पिंपळाचीही एवढी काळजी वाहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुंगीचं औषध देऊन चिरा दिला. नंतर आणखी एकदा द्यावा लागला. गुंगीचं औषध म्हणजे गोडसर, मळमळणारा वास, मग कुणी तरी लांबून आपलं नाव घेतंय असं वाटतं आणि मग काहीच नाही. ज्यांना त्याची भीती वाटते त्यांना सांगते, त्या ‘काहीच नाही’इतकी छान झोप मला आयुष्यात लागलेली नाही. भीती वाटावी ती नंतरच्या पट्ट्या बदलण्याची. ते दुःख मी लिहीत नाही. तुमच्या वाट्याला आलं असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे.

डॉक्टर मात्र दिलेल्या शब्दाला जागले. एकदा जखम हिरवट दिसायला लागली तेव्हा दुसऱ्या एका साहेब डॉक्टरांनी कापायचं सुचवलं. आमचे डॉक्टर त्यांच्याशी इंग्रजीत चांगलेच भांडले. मला त्यातला एकच शब्द कळला, विनू.

इस्पितळातले दिवस

इस्पितळात पहाटे घंटा व्हायची, मग झाडणं, मग सगळीकडे कार्बोलिकचा वास. तो वास मला आधी नकोसा व्हायचा, पुढे तो आला की बरं वाटायला लागलं, कारण त्याच्यामागून कळव्याची आया यायची. तिचं नाव ठकी. ती आगरी, नवरा मिठागरावर. पहिल्या दिवशी मी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. ती रागावली नाही. भांडं तिथेच ठेवून म्हणाली, "र्‍हावदे बाय. तान लागली का पी. मी काय बगत नाय." दुपारी ताप चढला आणि मी ते सगळं भांडं रिकामं केलं. ती खरंच बघत नव्हती. खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मी रडायला लागले की ती म्हणायची, "रडतंस कनाला गो? पाय हाय ना जाग्यावर? हाय तवर त्याला मुंगी चावते का बग." आणि माझा अंगठा चिमटीत धरायची. मी ओरडले की खूश व्हायची. "ओरडतंय म्हंजे जिता हाय."

पाडव्याला मी इस्पितळात होते. सकाळी मला फार उदास वाटलं. घरात गुढी उभारायला सवाष्ण नाही, हाच विचार डोक्यात. ठकी आली ती ओच्यात कडुलिंबाची पानं घेऊन. सगळ्या खाटांवर तिने चिमूट चिमूट वाटली. शेजारच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती, तिनेही घेतली आणि तोंड असं काही वाकडं केलं की आम्ही सगळ्या जणी हसत सुटलो. माझ्या जखमेला कळ आली, तरी हसू थांबेना. आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

हे रोज सकाळच्या गाडीने येत, पितळी डब्यात वन्संच्या हातचा मऊ भात आणि मेतकूट आणत, आणि धावत ऑफिसला जात. डॉक्टर भेटले की विनूची चौकशी करीत. ह्यांनाही वाटे, मी सगळं सांगितलं असेल, तेव्हा हे भक्तिभावाने उत्तर देत.

"विनू कसा हाय?"

"पार बोडका झालाय, डॉक्टरसाहेब."

"आत्ताच? मुंज तर अजून बाकी हाय ना?"

"दरसाल होतो. चैत्रात पुन्हा सगळं भरून येतं."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले. "तुमच्यात असा रिवाज असेल."

वन्सं इस्पितळात कधी आल्या नाहीत. त्या निरोप पाठवत. निरोप कसले, टोमणेच. "तिला सांग, घागरी वाहून माझी कंबर गेली." "तिला सांग, फांदीला शेणमाती लावून फडकं बांधलंय, आता तरी बडबड थांबव आणि निजू दे त्या डॉक्टरांना." एक दिवस हे डबा उघडता उघडता थांबले आणि म्हणाले, "आक्का म्हणाली, तिला सांग, विनूनंही आता माझ्यासारखं डोकं केलं. घरात बोडकी दोन झाली." हे हसायला गेले, पण आम्हाला दोघांनाही हसता आलं नाही. वन्संनी स्वतःच्या भादरलेल्या डोक्याविषयी काढलेला हा पहिलाच शब्द. मी त्या दिवशी भात फार हळू खाल्ला.

आजारपणाने मला शहाणं केलं असं मी म्हणणार नाही. पण इतकं झालं की, पडल्या पडल्या मला घरचं माणूस दिसायला लागलं. उन्हात, अनवाणी, कमरेवर घागर घेऊन तळ्याकडे जाणारी ती तांबडी आकृती डोळ्यांसमोरून जाईना.

चैत्र सरता सरता डॉक्टरांनी माझ्या हातात काठी दिली. ठकीने एका बाजूने धरलं. जमिनीवर पाय टेकवला आणि तो माझाच निघाला. डॉक्टर टाळ्या वाजवत होते. ठकी म्हणाली, "चल गो बाय, आता माजी सुटका." आणि पदराने डोळे पुसत बाहेर गेली.

निघताना मी डॉक्टरांना म्हटलं, "विनूच्या मुंजीला यायचं हं. तुमच्यामुळेच त्याची आई येते आहे."

"येनार म्हंजे येनार," ते म्हणाले.

मुंज

वैशाखातली सकाळ. विनू नव्या पानांनी नुसता लकाकत होता. बुंध्याला मुंडावळ्या, कमरेला मुंजाचं गवत आणि लंगोटी, आणि खास मोठं कातून घेतलेलं जानवं. तुटलेली फांदीही जगली होती. ह्यांनी मुलाच्या कानाशी न्यावं तसं तोंड बुंध्याजवळ नेऊन गायत्री सांगितली तेव्हा आळीतल्या बायका हसत होत्या आणि रडतही होत्या. मी काठी टेकून उभी होते. जरा लंगडत होते, अजूनही लंगडते. चालता मात्र येतं.

एवढ्यात डॉक्टरांची घोडागाडी आली. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, खूश झाले, आणि गाडीतून एक वस्तू उतरवून घेतली. चार चाकांची लाकडी गाडी, बसायला तांबडी गादी, ओढायला दोरी.

"मी खास करून घेतली," ते म्हणाले. "आता विनू फिरनार! कुटे हाय पोरगा?"

सगळ्यांनी पिंपळाकडे बोट केलं.

डॉक्टरांनी झाडामागे जाऊन पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. ते परत पुढे आले, मुंडावळ्या पाहिल्या, जानवं पाहिलं, वर पानांकडे पाहिलं. नेमका तेव्हाच वारा आला आणि विनू सळसळला.

"वारा असला की बोलतो," डॉक्टर सावकाश म्हणाले, आणि मग असे हसले की पगडी खाली पडली. आम्हाला तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "जागचा हलत नाय! दरसाल बोडका होते!" असं म्हणून म्हणून डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी एकदम विचारलं, "पन थांबा. सकाळ-संध्याकाळ पानी घालते म्हनाली होती, ती कोन?"

मी मागे वळून पाहिलं. आमच्या मागच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, वन्सं उभ्या होत्या. अपशकुन होऊ नये म्हणून पदर कपाळाखाली ओढलेला. तिथून त्यांना जेवढं दिसेल तेवढंच त्या बघत होत्या.

पाट मांडला होता, ताट वाढलं होतं. भटजी म्हणाले, "आईनं बसावं." मी बसले नाही. काठी घेतली आणि सगळ्यांदेखत चालत मागच्या दारापर्यंत गेले. पायात कळा येत होत्या, पण थांबले असते तर धीर सुटला असता.

"वन्सं, चला."

"वेड लागलंय का तुला? मी आणि तिथं? जा, मुहूर्त टळेल."

"चला म्हणते ना. मुलगा उपाशी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे. मी त्यांचा हात धरला. घागरींनी तळहाताला घट्टे पडले होते.

आम्ही पाटाशी आलो तसे भटजी उठून उभे राहिले. "अहो, हे शास्त्रात बसत नाही."

हे पुढे आले. "भटजीबुवा, झाडानं जेवावं हे तरी शास्त्रात कुठं आहे? इथवर आमच्यासाठी आलात, तसे आणखी पाऊलभर या."

भटजींनी उपरणं सावरलं. मग आसनावर बसले आणि त्यांनी पळीने पाणी सोडलं.

पाट एकच होता. आम्ही दोघी त्यावर अवघडून बसलो. पहिला घास मी विनूच्या मुळाशी ठेवला. त्या क्षणी मला काय वाटलं ते मी पुष्कळदा लिहायला बसले आणि पुष्कळदा उठले. इतकंच सांगते की मी फार सुखी होते. दुसरा घास मी घेतला. मग ताट वन्संकडे सरकवलं.

त्या कितीतरी वेळ ताटाकडे बघत होत्या. जन्मात कधी त्या मंगलकार्याच्या पंगतीला बसल्या नव्हत्या, कुणा मुलाला आपल्या ताटातलं भरवलं नव्हतं. शेवटी त्यांनी लहानसा घास केला, विनूच्या मुळाशी ठेवला, त्यातलाच उरलेला तोंडात घातला आणि हळूहळू चावत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून अलवणावर टपकत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

"भात जरा कच्चाच राहिलाय," वन्सं म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.